बंदूक इली काय रे?

आमच्या घराण्यात शौर्याची म्हणून जी एकुलती एक वस्तू शिल्लक आहे, ती पावणेतीन वर्षं दुरुस्तीला होती.

बाकी घराणं तसं शांतताप्रिय. आजोबा शाळामास्तर, वडील पोस्टात आणि मी बँकेत कारकून. तीन पिढ्यांत मिळून आमच्याकडून कुणाला इजा झाली असेल तर ती आजोबांच्या छडीनं, आणि तीसुद्धा अभ्यास न केल्याबद्दल. पण कुडाळजवळच्या आमच्या गावी माजघरात एक दुनळी बंदूक आहे. पूर्वी ती खुंटीवर असायची, आता कायद्याला भिऊन लोखंडी कपाटात असते. ती पणजोबांना एका गोऱ्या साहेबानं खूश होऊन दिली अशी कथा आहे. साहेब कोण, तो का खूश झाला आणि झालाच तर बंदूकच का दिली, हे प्रश्न आमच्या घरात विचारायचे नसतात. मुंज झाल्यावर मी एकदा विचारले होते. त्या रात्री मला उकडीचे मोदक मिळाले नाहीत.

तळकोकणात बंदूक असणं ही घाटावरच्या लोकांना वाटते तेवढी थरारक गोष्ट नाही. शेतीसंरक्षणासाठी तिथं पुष्कळांकडे परवाने आहेत. काजू लागले की माकडं येतात, फणस धरले की माकडं येतात, भात पोटरीला आलं की रात्री डुकरं येतात. बरं, बंदूक आहे म्हणून कुणावर नेम धरायचा नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद, आणि डुकरानं अख्खं शेत नांगरून टाकलं तरी त्याला मारायला आधी परवानगी काढावी लागते. तोवर डुक्कर स्वतःच्या सवडीनं निघून जातं. म्हणजे राहता राहिला आवाज. बंदुकीचं तोंड आभाळाकडे करायचं आणि एक बार काढायचा. एवढा परवाना, एवढं नूतनीकरण, एवढे पोलिसांचे अहवाल, ते सगळं एका ‘ठो’साठी. ‘त्यापेक्षा सुतळी बाँब का लावत नाही?’ असं मी एकदा वडिलांना म्हटलं. अण्णा म्हणाले, ‘बाँब लावलो तर माकडांका वाटता दिवाळी इली.’

तर 2022 च्या फेब्रुवारीत, ऐन काजूच्या मोसमात, या बंदुकीच्या डाव्या घोड्यानं मान टाकली. ओढला की मागं जायचा, पण तिथं थांबायचा नाही, हळूच पुढं यायचा. उजवा घोडा त्याआधी बरीच वर्षं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बसला होता. अण्णांनी मला कोल्हापूरला फोन केला. ‘तू शहरात ऱ्हवतस. थंय मिस्त्री असतलो. बघ.’

मी कॉमर्सचा पदवीधर. बंदुकीतलं मला एवढंच कळतं की तिचा घसारा काढून संपलेला आहे आणि पुस्तकी किंमत एक रुपया धरायला हरकत नाही. तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. म्हटलं, परवाना तुमच्या नावावर, मी कशी नेणार? मला वाटलं, सुटलो. पण अण्णा तीस वर्षं पोस्टात होते. नियम पाठ करणारा आणि नियमातली वाट माहीत असलेला, असा दुहेरी माणूस तिथंच तयार होतो. त्यांनी मला ऐकवलं, की 1959 च्या शस्त्र कायद्यातच अशी सोय आहे, परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीसाठी नेऊ शकतो. आणि त्यांनी ताबडतोब अधिकारपत्र लिहिलं. अक्षर सुरेख. शेवटची ओळ अशी : ‘सदर इसमास बंदूक चालविता येत नाही, तरी कोणीही काळजी करू नये.’

परवान्यावर क्षेत्र ‘महाराष्ट्र राज्य’ होतं, म्हणून घाट ओलांडता आला. चुलतभावाच्या गाडीत, कॅनव्हासच्या पिशवीत तीन तुकडे करून ठेवलेली बंदूक मांडीवर घेऊन मी फोंडाघाट चढलो. छातीवरच्या खिशात अधिकारपत्र, पँटच्या खिशात परवान्याची प्रत आणि तोंडाला कोरड. आमच्या बँकेत मी दिवसाला लाखांची रोकड मोजतो, पण त्या दिवशी वाटेत एका हवालदारानं नुसतं घड्याळात बघितलं तरी मला वाटलं, अटकेची वेळ लिहून घेतोय.

पहिलं दुकान मोठं होतं. काचेची कपाटं, सोफा, भिंतीवर घड्याळ, मालकांच्या बोटांत चार अंगठ्या. त्यांनी बंदूक बघितली न बघितली आणि म्हणाले, ‘किरकोळ काम. आठ दिवसांनी या.’

‘आठ दिवस’ ही मराठी भाषेतली एक अद्भुत चीज आहे. आठवडा सात दिवसांचा असतो, पण कारागिराचे ‘आठ दिवस’ हे दिवस नसतातच. ती एक मनःस्थिती आहे. शिंप्याचे आठ दिवस लग्न उरकल्यावर संपतात, गवंड्याचे पावसाळा लागल्यावर आणि सुताराचे बहुधा संपतच नाहीत. मी आठ दिवसांनी गेलो, तेव्हा मालक म्हणाले, ‘कारागीर गावाला गेलाय, आठ दिवसांनी या.’ मग कारागिराची आई आजारी पडली, मग कारागीर पडला, मग स्प्रिंग मागवली, मग स्प्रिंग आली पण ती दुसऱ्या बंदुकीची आली. त्यांना मी रागावूही शकत नव्हतो. काउंटरच्या त्या बाजूला बसून ‘सर्व्हर डाऊन आहे, जेवणानंतर या’ असं म्हणण्यात मी स्वतः वीस वर्षं घालवली आहेत. समोरचा खोटं बोलतोय हे मला कळत होतं आणि तो चांगलं खोटं बोलतोय हेही कळत होतं. एक प्रकारची व्यावसायिक आपुलकी निर्माण झाली होती.

इकडे दर रविवारी सकाळी नऊला अण्णांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘बंदूक इली काय रे?’

‘नाही अण्णा. आठ दिवसांनी येईल.’

‘माकडां इली.’ आणि फोन बंद.

आमची ही म्हणायची, ‘घरातला मिक्सर चार महिने बंद आहे, तो एकदा नेऊन टाकावासा वाटला नाही. बंदुकीसाठी मात्र दर शनिवारी चपला घालून तयार!’ मी तिला समजावलं, की मिक्सरला परवाना लागत नाही, त्यामुळे त्याचं काम कधीही होऊ शकतं. जे काम कधीही होऊ शकतं ते कधीच होत नाही, हा सिद्धान्त तिला पटला नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पोहे होते, चटणी नव्हती.

आठ महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, बंदूक मिळाली. काय तिचं रूप! दस्त्याला असं पॉलिश, की त्यात बघून दाढी करावी. बिल साडेचार हजारांचं, आणि त्यात कलमं : सर्व्हिसिंग, ऑइलिंग, पॉलिश, टेस्ट फायर. बिलात बेरीज बरोबर होती म्हणून मी समाधानानं पैसे दिले. आम्ही बँकवाले बेरजेवर विश्वास ठेवतो.

गावी अण्णांनी ती हातात घेतली, डावा घोडा मागं ओढला, दस्ता खांद्याला लावला आणि चापाला बोट लागायच्या आधीच ‘खट्’ असा आवाज झाला. घोडा आपण होऊन पडला होता. बंदूक रिकामी होती आणि तोंड वर होतं. पण अंगणात तेव्हा तुळशीपाशी आई उभी होती आणि पायरीवर माझी मुलगी. कुणी काही बोललं नाही. अण्णांनी बंदूक कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली. ‘पॉलिश बरा केला हा,’ ते म्हणाले.

त्या ‘खट्’नंतर मात्र माझी टाळाटाळ संपली.

विश्वासू डॉक्टर कसा शोधावा हे लोक सांगतात. जावई, वकील, दूधवाला यांच्याबद्दलही सल्ला मिळतो. पण विश्वासू बंदूक मिस्त्री कुठून आणावा? एक तर हे काम कुणीही करू शकत नाही. गावच्या लोहाराचा हात कितीही चांगला असला तरी परवाना नसताना त्यानं बंदुकीला कानस लावली तर तो आत आणि आपणही आत. परवाने आहेत ते जुन्या घराण्यांत, त्यांची मुलं मोबाइलच्या दुकानात. शेवटी हा प्रश्न आमच्या शाखेच्या गनमननं सोडवला. दारात स्टुलावर बसून वीस वर्षं पेपर वाचणारा हा माजी सैनिक मी आजवर फक्त चहाच्या वेळी पाहिला होता. त्याच्या खांद्यावरची बंदूक खरी आहे, त्याच्या स्वतःच्या परवान्यावरची आहे आणि तिलाही डॉक्टर लागतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं. तो म्हणाला, ‘साहेब, एक मिस्त्री आहे. पण वेळ लावतो.’

‘किती?’

त्यानं पेपर घडी करून ठेवला. हे त्यानं पूर्वी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. ‘बंदूक देऊन विसरून जायचं,’ तो म्हणाला.

2023 च्या जानेवारीत मी नवं अधिकारपत्र घेऊन मिस्त्रींकडे गेलो. जुन्या पेठेत बोळ, बोळात बोळ आणि त्याच्या टोकाला रेल्वेच्या तिकीट खिडकीएवढं दुकान. सोफा नाही. भिंतीवर कानशी लहानापासून मोठीपर्यंत ओळीनं टांगलेल्या, शाळेत उंचीप्रमाणे मुलं उभी करतात तशा. सत्तरीचे मिस्त्री, नाकावर चश्मा, चश्म्यावर घड्याळजीचं भिंग. मला बंदुकीतलं कळत नाही, मिस्त्रीतलंही कळत नाही. तेव्हा ज्यातलं कळतं ते मी बघितलं. त्यांनी माझी नोंद करायला रजिस्टर उघडलं, ते मी उलटं वाचलं. बँकेत समोरच्याचा कागद उलटा वाचायची सवय लागतेच.

वाचकहो, ते रजिस्टर पाहून माझं मन भरून आलं. तारीख, नाव, परवाना क्रमांक, बंदुकीचा क्रमांक, तक्रार, आल्याची सही, गेल्याची सही. खाडाखोड नाही. जिथं चूक झाली तिथं एक सरळ रेघ आणि बाजूला सही. आमच्या ऑडिटरला मिठी मारावीशी वाटेल असं रजिस्टर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जो आधी आला त्याचं काम आधी झालं होतं. मधे कुणी घुसलेलं नव्हतं. हिशेबशास्त्रात याला ‘फर्स्ट इन, फर्स्ट आऊट’ म्हणतात. पहिल्या दुकानाची पद्धत ‘लास्ट इन, फर्स्ट आऊट’ होती, ती आपल्या हिशेबाच्या मानकांत मुळात बसतच नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

‘किती दिवस लागतील?’ मी विचारलं.

‘सांगता यायचं न्हाई,’ मिस्त्री म्हणाले. ‘घाई असंल तर घेऊन जावा.’

आयुष्यात पहिल्यांदा एका कारागिरानं मला खरं उत्तर दिलं होतं. मी बंदूक ठेवून आलो.

बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा. मी त्या शनिवारी बोळात जाऊन बसू लागलो. आधी काम कुठवर आलं ते विचारायला जायचो. पुढं पुढं, खरं सांगायचं तर, नुसता बसायला जायचो. तिथं एक बाकडं होतं आणि त्यावर माझ्यासारखेच ताटकळणारे लोक. उसाचा एक बागायतदार दोन वर्षं येत होता. त्याला बंदूक आता नको होती, पण येण्याची सवय सुटत नव्हती.

तिथं मला कळलं, की शंभर वर्षांच्या बंदुकीचा सुटा भाग कुठं मिळत नाही. तो घडवावा लागतो. घोड्याची स्प्रिंग म्हणजे आपल्या पेनमधल्यासारखं वेटोळं नव्हे, तर चिमट्यासारखी दुमडलेली पोलादाची पट्टी. ती कानशीनं घासून आकाराला आणायची, लाल तापवून तेलात बुडवायची, मग पुन्हा हलकेच तापवून निळा रंग चढला की थांबायचं. थोडी कमी तापली तर काचेसारखी मोडते, जास्त तापली तर मऊ पडून वाकते. मिस्त्रींनी एका गिऱ्हाइकाची स्प्रिंग तिसऱ्यांदा घडवताना मी पाहिली. पहिल्या दोन मोडल्या होत्या. त्याचे पैसे लावले नाहीत, नुसत्या मोडक्या दोन्ही डबीत टाकल्या. तुकडा जागी बसतो का हे बघायची त्यांची तऱ्हा तर मला फारच आवडली. चिमणीच्या ज्योतीवर तो भाग धरायचा, काजळी चढवायची, जागेवर बसवायचा आणि काढायचा. जिथली काजळी पुसली गेली तिथं तो घासतोय. तेवढीच कानस मारायची. पुन्हा काजळी, पुन्हा बसवायचा. पन्नास वेळा. आमच्या बँकेत ताळेबंद जुळत नसला की आम्ही हेच करतो, फक्त काजळी तोंडाला लागते.

बारा बोअर म्हणजे काय, हेही तिथंच कळलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढ्या नळीत नेमकी बसेल तेवढी ती नळी. मी दहा वर्षांचा असल्यापासून हा शब्द ऐकत होतो आणि मला वाटायचं, बारा वेळा उडते म्हणून बारा बोअर. आणखीही एक शोध लागला. मिस्त्रींनी एकदा नळीच्या खालची खूण भिंगातून दाखवली. लंबवर्तुळात ‘ई एल जी’ अशी अक्षरं आणि वर मुकुट. ‘ही बेल्जमची हाय,’ ते म्हणाले. बेल्जियममधल्या लिएज शहरात बंदुकांच्या नळ्या तपासून ही खूण मारत. म्हणजे गोऱ्या साहेबानं स्वतःची इंग्रजी बंदूक दिली ही कथा निकालात निघाली. मी भीत भीत अण्णांना सांगितलं. अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘बेल्जियम काय देवगडात आसा? विलायतीच झाली ती.’

2023 असं गेलं. 2024 उजाडलं आणि लोकसभेची निवडणूक लागली. निवडणूक आली की आमच्याकडे बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या नोटिसा निघतात. त्याचा निवडणुकीवर काय परिणाम होतो माहीत नाही, पण माकडांना मात्र आचारसंहिता लागू झाल्याचं बरोबर कळतं. अण्णांना नोटीस आली. बंदूक नाही, नोटीस आहे. अण्णा ताठ मानेनं ठाण्यात गेले आणि म्हणाले, बंदूक कोल्हापुरास उपचारार्थ आहे. हवालदारानं पावती मागितली. मी मिस्त्रींच्या पावतीची प्रत पाठवली. हवालदारानं तारीख बघितली, पुन्हा बघितली, आणि म्हणाला, ‘सव्वा वर्ष? बंदुकीला की माणसाला?’ नोव्हेंबरात विधानसभेच्या वेळी पुन्हा तीच नोटीस, तीच पावती. अण्णांनी दोन्ही नोटिसा जपून ठेवल्या. ‘सरकाराक अजून आमचो धाक आसा,’ ते म्हणाले.

मधे ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं पन्नास मीटर रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. अख्खं शहर पेढे वाटत होतं. मिस्त्रींच्या बाकड्यावरही पेढे आले. मिस्त्रींचा त्या पदकाशी काही संबंध नव्हता, पण बागायतदारानं त्यांचं अभिनंदन केलं आणि त्यांनी ते मान खाली घालून स्वीकारलं. रविवारी अण्णांचा फोन आला. ‘कोल्हापूरच्या झिलाक पदक गावला, आणि माका माझी बंदूक गावणा नाय!’

पण त्याच महिन्यात आमचा नंबर लागला होता. सप्टेंबरात दोन्ही घोड्यांच्या स्प्रिंगा झाल्या. मी वाट बघू लागलो. ऑक्टोबर गेला. मिस्त्री काम दाखवीनात, बंदूकही देईनात. नोव्हेंबरातल्या चौथ्या शनिवारी ते म्हणाले, ‘वडिलांना घेऊन या.’

‘का? मी सही करतो की. अधिकारपत्र आहे.’

‘तुमच्या बँकेत सही ज्याची, पैसं त्याला. तसंच समजा,’ ते म्हणाले. ‘फोनवर सांगायची गोष्ट न्हाई.’

डिसेंबरात अण्णा आले. एकोणऐंशी वर्षांचे, कोट घालून. आपण बंदूक घ्यायला चाललो आहोत की मुलीचं स्थळ बघायला, असा थाट. मिस्त्रींनी त्यांना बाकड्यावर बसवलं, चहा मागवला आणि बंदुकीच्या नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करून दोरीला टांगल्या. आधी कोपऱ्यातल्या दुसऱ्या एका बंदुकीच्या नळ्या तशाच टांगून त्यांवर लाकडी मुठीनं टिचकी मारली. देवळातली घंटा वाजावी तसा स्वच्छ नाद बोळभर गेला. मग आमच्या नळ्यांवर मारली. फुटक्या मडक्यासारखं वाजलं. दोन नळ्यांमधली पट्टी सुटली होती.

मग त्यांनी डाव्या नळीचा एक भाग दाखवला. तिथं त्यांनी पृष्ठभाग साफ केला होता आणि त्यावर पाण्यावर उठतात तसे बारीक तरंग दिसत होते. फार सुंदर दिसत होते. ‘ह्या पट्ट्या हायत,’ मिस्त्री म्हणाले. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून एकजीव करायच्या आणि त्यांची नळी करायची, अशी ती जुनी तऱ्हा. या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू फार जोर करते, तो जोर या नळीला सोसत नाही. अण्णा काय वापरत होते? खडकीची शक्तिमान काडतुसं. काडतुसात दोष नाही. नळीच त्या ताकदीची नाही.

‘किती वर्सं उडवताय?’

‘चाळीस,’ अण्णा म्हणाले.

मिस्त्रींनी अण्णांचं बोट धरून नळीवर एका जागी फिरवलं. मीही फिरवून बघितलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटाला कळत होतं. अगदी थोडासा फुगवटा. बंदूक खांद्याला लावली की डावा तळहात बरोबर जिथं येतो, तिथं.

मिस्त्रींनी अण्णांचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि उलटा केला. काळ्या, तेलकट बोटांनी त्यांनी अण्णांची बोटं एकेक करून मोजली.

‘पाच हायत,’ ते म्हणाले, आणि हात सोडला.

अण्णा काही बोलले नाहीत. चहा निवून गेला. मला त्या मोठ्या दुकानाचं बिल आठवत होतं. त्यात ‘टेस्ट फायर’चे पैसे लावले होते. त्यांनी ती खरोखर उडवून बघितली असती तर काय झालं असतं, आणि त्यांच्या भरवशावर अण्णांनी उडवली असती तर काय झालं असतं! त्या दिवशी घोडा आपण होऊन पडला, म्हणून बंदूक कपाटात गेली. नाहीतर दुसऱ्याच दिवशी माकडांसाठी बार काढायचा बेत होता. आणि आम्ही तक्रार करत होतो ती काम लवकर होत नाही याची.

मिस्त्रींनी बिल केलं. दोन स्प्रिंगांचे बावीसशे रुपये. नळ्यांचं काही नाही. बंदुकीच्या दोन्ही पिना त्यांनी काढून औषधाच्या बाटलीत घालून दिल्या. आता घोडे ओढले जातील, पडतील, आवाज येईल, पण काडतूस पेटणार नाही. ‘कायद्यानं ती अजून बंदूकच हाय,’ त्यांनी बजावलं. ‘परवाना सोडू नका. पण बार काढू नका.’

अण्णांनी रजिस्टरमध्ये ‘गेल्याची’ सही केली. पोस्टातल्यासारखी, ठसठशीत. मग कोटाच्या खिशातून पाकीट काढून बावीसशे मोजले आणि वर पाचशेची एक नोट ठेवली. मिस्त्रींनी पाचशे परत केले. ‘रजिस्टरात बसत न्हाईत,’ ते म्हणाले. मी कॉमर्सचा पदवीधर, पण त्या वाक्यापुढे माझी पदवी फिकी पडली.

या प्रसंगानं माझ्यात सुधारणा झाली असं कुणाला वाटत असेल तर सांगतो. सोमवारी मी ठरवून बँकेत गेलो, की आता खोटं बोलायचं नाही. एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं, ‘माझ्या पेन्शनच्या दुरुस्तीचं काम कधी होईल?’ मी नम्रपणे म्हणालो, ‘सांगता येत नाही.’ त्यांनी मॅनेजरकडे लेखी तक्रार केली. मॅनेजर मला म्हणाले, ‘अहो, आठ दिवस म्हणायला काय जात होतं तुमचं?’

अण्णा आता रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बंदूक घेऊन बसतात. पहिले काही दिवस नुसती बंदूक बघून माकडं पसार झाली. पावणेतीन वर्षांनीही त्यांनी तिला ओळखली, याचा अण्णांना फार आनंद झाला. त्यांच्या मते माणसांपेक्षा माकडांना जुन्या गोष्टींची कदर जास्त.

आता रविवारी सकाळी नऊला मी फोन करतो. ‘अण्णा, माकडं आली का?’

‘इली. फणसावर बसली हत. मी घोडो ओढतंय, ती बघतत.’ मग आवाज खाली जातो. ‘एक म्हातारो वानर आसा, तो पळणा नाय. तेका संशय इलो हा.’

परवा त्यांना म्हटलं, पुढच्या निवडणुकीला नोटीस येईल, तेव्हा ठाण्यात बंदूक जमा करताना पिना काढल्याचं सांगून टाका, म्हणजे त्यांनाही घोर नको. अण्णा एकदम खवळले.

‘खबरदार! पोलिसांक सांगलंस तर गावभर होतला.’ आणि अगदी हळू आवाजात, जणू फणसावर ऐकू जाईल या भीतीनं, म्हणाले, ‘माकडांका कळात.’